पायरीवरचं गाठोडं

फॉर्म एका पानाचा होता. वर मुलांच्या गटाचं नाव, खाली फोटोचा क्रमांक, मग फोटो काढणाऱ्याचं नाव, मग फोटोतल्या व्यक्तीचं नाव, आणि त्याखाली एक ओळ: ती व्यक्ती स्वतः सही करू शकत नसेल तर सही देणाऱ्याचं तिच्याशी नातं. त्या गटातल्या एका मुलीनं बाकीचं सगळं भरून आणलं होतं, नात्याची ओळ तेवढी मोकळी होती. मी म्हटलं, हे का सोडलंस, तुला माहीत नाही का? ती म्हणाली, माहीत आहे, पण ते ज्याचं त्यानं लिहायचं असतं, बाईंचा नियम आहे. बाई म्हणजे माझी बायको. तिला जाऊन पाच महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत तिचं नाव परक्या अक्षरात मी पाहिलं होतं ते फक्त मृत्यूच्या दाखल्यावर. इथं ते निळ्या बॉलपेननं, शाळेच्या वहीवर लिहावं तसं गोल अक्षरात लिहिलेलं होतं. मी चहा करतो म्हणालो आणि आत गेलो. गॅस पेटवला, पातेलं ठेवलं, आणि त्यात पाणी घालायचं राहिलं. वास आला तेव्हा कळलं.

मुलगी सतरा वर्षांची. गटातली सगळी तिला वकील म्हणतात. हे नाव बायकोनंच ठेवलं, कारण कुठलाही नियम सांगितला की ही आधी विचारायची, का? आणि उत्तर पटलं की मग तोच नियम बाकीच्यांवर बजावत फिरायची. खुर्चीच्या टोकावर बसून, मांडीवर खाकी पाकीट धरून तिनं मला सगळं समजावलं. उतारावरच्या पायऱ्यांचे बारा फोटो मुलांनी निवडले होते. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ते वॉर्ड ऑफिसच्या खालच्या हॉलमध्ये लावायचे होते, आणि ते बघायला इंजिनीअर येणार होते. मुलांना पायऱ्यांच्या मधोमध कठडा हवा होता, दोन ठिकाणी बसायला बाक हवे होते आणि एक दिवा. अर्ज दोनदा करून झाला होता. दोन्ही वेळा उत्तर आलं की सदर पायऱ्यांबाबत नागरिकांची गैरसोय झाल्याची नोंद आढळत नाही. म्हणून आता आम्ही नोंदच घेऊन जातोय, ती म्हणाली. अकरा फोटोंवरच्या सह्या झाल्या होत्या. खांद्यावर सिलिंडर घेतलेली बाई, काठीवाले आजोबा, पोटुशी सून, सगळ्यांच्या. बारावा राहिला होता. तिनं पाकिटातून निगेटिव्हची एक पट्टी आणि एक कॉन्टॅक्ट शीट काढून टेबलावर ठेवलं. कॉन्टॅक्ट शीट म्हणजे एका रोलमधले सगळे फोटो एकाच कागदावर, टपालाच्या तिकिटाएवढे छापलेले असतात.

"हा तुम्हीच छापायचा," ती म्हणाली. "पण पूर्ण. मागच्या वेळी तुम्ही माझा फोटो कापला होता, काका."

मी म्हटलं, ठेव, बघतो. माझं बघतो म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही ते बाईंकडून कळलं असावं, कारण ती उठून चपला घालता घालता म्हणाली, गुरुवारी तीनला लॅबवर येते, त्याच्यापुढे गेलं तर लावता येणार नाही. चहा तिनं अर्धाच घेतला. त्याला जळका वास येत होता.

मी एकतीस वर्षं एका फोटो लॅबमध्ये छपाई करतो आहे. रंगीत फोटोंचं मशीन आलं तेव्हा बाकीचे कारागीर गेले, मला मालकानं मागची खोली आणि काळ्यापांढऱ्याचं काम देऊन ठेवून घेतलं. पासपोर्टचे फोटो, जुन्या फोटोंच्या प्रती, कुणाच्या आजोबांचा फाटलेला फोटो जोडून मोठा करून देणं, असलं काम. मला स्वतःला कॅमेरा धरता येत नाही. पण दुसऱ्यानं काढलेला फोटो सुधारता येतो. एन्लार्जर, म्हणजे फोटो मोठा करायचं यंत्र, त्यातून निगेटिव्हचा उजेड खाली पडतो, त्याच्याखाली कागद धरायची चौकट असते. ती चौकट जरा फिरवली की वाकडं सरळ होतं, जरा पुढे सरकवली की कडेचं नको ते बाहेर जातं. खांब, कुणाचा अर्धा हात, कचऱ्याचा डबा. लोक फोटो बघून म्हणतात, वा, छान आला. त्यांना वाटतं तो त्यांनीच तसा काढला. यातच माझं कौतुक, आणि ते मला पुरत असे.

बायको एका कचेरीत टायपिस्ट होती. नोकरी संपल्यावर ती उताराखालच्या वस्तीत दर शनिवारी जायला लागली. आमचं घर वरच्या रस्त्यावर, वस्ती खाली, मध्ये त्या पायऱ्या. इस्त्रीवाल्याच्या दुकानामागे एक खोली मिळाली होती. लोकांनी टाकून दिलेले सात कॅमेरे तिनं गोळा केले, मालकानं मुदत संपलेले रोल दिले, आणि चौदा ते अठरा वर्षांची दहा-बारा पोरं जमली. फोटो काढायला शिकवायचं नाही म्हणे. कॅमेरा द्यायचा आणि सांगायचं, तुमच्या गल्लीत काय बदलायला हवं ते दाखवा. मी चेष्टा केली. म्हटलं, पोरांच्या हातात कॅमेरा दिला की काय येणार, बोटं आणि छतं. ती म्हणाली, येऊ देत, त्यांची बोटं, त्यांची छतं. बाहेरचे लोक येतात, वस्तीचे फोटो काढतात आणि घेऊन जातात. ही काढतील ते इथंच राहतील. मग मी म्हटलं, बरं, छापून मी देईन, पण माझी एक अट आहे, दम लागला की हे तुझं बंद करायचं हं. मी हसतच म्हटलं होतं. ती पण हसली. अशा वेळी आपण काय बोलतो ते कोण लक्षात ठेवतो, असं मला वाटायचं.

वकील गेल्यावर मी खिडकीपाशी बसलो आणि भिंग लावून कॉन्टॅक्ट शीट बघितलं. चौदा नंबरपासून पायऱ्या सुरू होत होत्या. खालून वर बघून काढलेल्या. चौदामध्ये एक बाई भिंतीला हात लावून उभी, पाठमोरी. पंधरामध्ये ती वळते आहे, चेहरा हललेला. सोळामध्ये ती बसली आहे, फ्रेमच्या अगदी उजव्या कडेला, कॅमेरा वाकडा, सगळ्या पायऱ्या तिच्या बाजूला ओघळल्यासारख्या. सतरामध्ये फक्त एक पिशवी, फार जवळून, धूसर. अठरापासून दुसरंच काही, कुणाचं तरी मांजर. मी सोळा नंबरवर भिंग धरलं. चेहरा तिकिटातल्या मुंगीएवढा, त्यावरून काही ओळखू येण्यासारखं नव्हतं. मी ओळखलं ते पायावरून. दमली की ती चपलेतून टाच बाहेर काढून ठेवायची, फक्त डाव्या पायाची. ओट्याशी उभी असतानाही, बसच्या रांगेतही. तीस वर्षं मी ती टाच बघत होतो.

हा फोटो मी छापला होता. साधारण दीड वर्षापूर्वी, पावसाळा संपत आला होता, खोलीत हायपोचा, छाप पक्का करायच्या औषधाचा, वास कोंदला होता. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं दिसतं, पण इतक्या वर्षांनी मला ते उलटं करावं लागत नाही, सरळच वाचता येतं. निदान मी तसं सांगत फिरायचो. निगेटिव्ह चौकटीवर पडलं तेव्हा मला दिसलं: पायऱ्या चांगल्या आहेत, उजेड तिरपा आहे, भिंतीचे पोपडे सुरेख येतील, पण पोरीनं कॅमेरा वाकडा धरलाय आणि उजव्या कडेला कुणीतरी गाठोडं ठेवलंय. फिकट, ढिगासारखं. मी चौकट फिरवली, पायऱ्या सरळ केल्या, गाठोडं बाहेर घालवलं. पूर्ण फोटो एकदा छापून बघावा असंही मनात आलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं. छाप ट्रेमध्ये उमटला तेव्हा मी खूश होतो. रिकाम्या पायऱ्या, वर जात जात संपणाऱ्या. मालकानंही मान डोलावली. म्हणाला, कॅलेंडरवर छापावा असा आलाय.

शुक्रवारी संध्याकाळी बायको दुसऱ्या दिवसासाठी छाप पलंगावर मांडून बघायची. हा तिनं हातात घेतला आणि बराच वेळ धरला. मी पेपर वाचत होतो. ती म्हणाली, हा एवढाच आहे का? मी म्हटलं, वाकडा होता, सरळ केला, शिवाय कडेला कुणाचं तरी गाठोडं होतं ते काढून टाकलं. ती हसायला लागली. गाठोडं होय, असं म्हणून हसत सुटली, इतकी की तिला टेकावं लागलं, डोळ्यांत पाणी आलं. मलाही हसू आलं, तिच्या हसण्याचं. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, बरं केलंत. मी ते शाबासकी म्हणून घेतलं. आता मी तो क्षण पुन्हा पुन्हा बघतो. ती माझ्याकडे बघत होती का हसताना, की छापाकडे? तिच्या आवाजात काय होतं? मला फक्त पेपरचं पान आठवतं, त्यावरची टायरची जाहिरात सुद्धा आठवते. तिचा चेहरा आठवत नाही, कारण मी तिकडे बघत नव्हतो.

पुढच्या आठवड्यात तिनं मला सांगितलं की यापुढे मुलांचे फोटो कापायचे नाहीत, जसे आहेत तसे छापायचे. एक मुलगी म्हणते हा फोटो माझा नाही. मला राग आला. म्हटलं, मग माझी गरजच काय, मशीनवर द्या, ते काही कापत नाही. दोन शनिवार मी छापलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिनं रोल माझ्या डब्याच्या पिशवीत न बोलता ठेवले आणि मी न बोलता छापले, पूर्ण, कडांसकट. बोटं आणि छतं. पण सोळा नंबरचा फोटो पुन्हा माझ्याकडे आला नाही, आणि मी विचारलंही नाही तो का आला नाही.

मंगळवारी संध्याकाळी मी थोरल्या मेहुणीला फोन केला. बायकोच्या माहेरचं आता तेवढंच माणूस. तिला सांगितलं, असा असा फोटो आहे, असं असं म्हणतायत. ती म्हणाली, तिचा एखादा हसरा नाही का देता येत? मी म्हटलं, ताई, पायऱ्यांवर हसरा नाही. ती म्हणाली, तो तुम्ही मोठा केलेला किती छान आहे, दहा वर्षांनी लहान दिसते. तो फोटो कचेरीच्या ओळखपत्रावरचा होता. डोळ्यांखालचं काळं मी बारीक ब्रशनं भरून काढलं होतं, ओठाच्या कोपऱ्यातली घडी पुसली होती, नेहमीच्या गिऱ्हाइकाचं करतो तसं. ती गेल्यावर भेटायला आले ते सगळे म्हणाले, अगदी तशीच दिसते. मेहुणी म्हणाली, "अहो, असं पायरीवर बसलेलं बघून चार लोक काय म्हणतील? नवरा काय करत होता म्हणतील." मग लगेच म्हणाली, तसं नव्हतं म्हणायचं मला. मी म्हटलं, नाही ताई, बरोबर आहे तुमचं. तिनं विचारलं जेवलात का, मी हो म्हटलं, आणि आम्ही फोन ठेवला.

ती म्हणाली ते मी फॉर्म हातात आल्यापासून मनात घोकतच होतो. फॉर्मवर सही करणं म्हणजे ते सगळ्या वॉर्डाला दाखवणं. इंजिनीअर बघेल, शिपाई बघेल, खालच्या वस्तीतले बघतील. पण वस्तीतल्यांना बघायचं काय राहिलंय, त्यांच्यासमोरच तर ती चढायची? बुधवारी सकाळी मी लॅबला उशिरा येतो असं कळवलं आणि पायऱ्यांकडे गेलो. घरापासून चार मिनिटं. एवढ्या वर्षांत मी तिथून कधी गेलो नव्हतो, माझी बस वरच्या रस्त्यावरून जाते. उतरताना मोजल्या, एकशे चौदा. उतरायला काही वाटत नाही. खाली इस्त्रीवाला कोळसे फुंकत होता. मी कोण ते सांगितलं तर त्यानं इस्त्री बाजूला ठेवली, हात पुसले, आणि आतून एक प्लास्टिकचं स्टूल आणून मला दिलं. म्हणाला, बाईंचं आहे. मला समजेना. मग तो सांगत गेला. शाळेतल्या मुलाला समजवावं तसं, सावकाश. वर जायच्या आधी बाई इथं दहा मिनिटं बसायच्या. पाणी प्यायच्या. मग निघायच्या, तीन ठिकाणी थांबायच्या. मुलांनी पाळी लावून घेतली होती, आज पिशवी कुणी न्यायची. "आम्ही म्हणायचो, बाई, वरच्या रस्त्यानं रिक्षा करा. तर म्हणायच्या, रिक्षानं गेले की घरी कारण सांगावं लागेल." तो हसला, कारण बाईंची ती गंमत असावी. मग माझ्याकडे बघून त्याचं हसू गेलं आणि तो शर्ट उलटून इस्त्री करायला लागला.

चढताना मला तिसाव्या पायरीवर श्वास लागला. साठाव्या पायरीवर मी थांबलो. भिंतीचे पोपडे ओळखीचे होते, मी त्यांना इंचाइंचानं छापलं होतं. मी तिथं बसलो. खालून पाण्याचा कॅन घेतलेली एक बाई आली आणि म्हणाली, काका, सरका जरा, मध्ये बसलात. मी भिंतीकडे सरकलो. पायरी गार होती आणि मधोमध झिजलेली होती. तिथून वरचा रस्ता दिसत नाही, फक्त विजेची तार दिसते. इथं बसून ती काय बघत असेल? ही तार? मला वाटतं ती वेळ मोजत असेल, किती थांबलं म्हणजे घरी पोचेपर्यंत श्वास जागेवर येईल. कारण ती दारात यायची तेव्हा तिचा श्वास जागेवरच असायचा. शनिवारी तिला यायला उशीर व्हायचा आणि मी म्हणायचो, पोरांनी सोडलं नाही वाटतं. ती म्हणायची, हो ना.

हॉस्पिटलमधली गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मेहुणीलाही नाही. बायकोला अचानक नेलं तेव्हा तपासणारी डॉक्टर तरुण होती, हातात पॅड घेऊन उभी. म्हणाली, हृदयाच्या झडपेचा दोष आहे, जुना दिसतो. चढताना दम लागायचा का? किती दिवसांपासून? तिनं बायकोला विचारलं होतं, पण बायकोच्या तोंडावर मास्क होता, म्हणून उत्तर मी दिलं. म्हटलं, छे, अजिबात नाही. दर शनिवारी एकशे चौदा पायऱ्या चढते, या वयात. आकडा मला तिच्याचकडून माहीत होता. मी तो अभिमानानं सांगितला. डॉक्टरनं तो लिहून घेतला. बायकोनं माझ्याकडे बघितलं, या वेळी मी बघत होतो म्हणून मला ते माहीत आहे. तिनं हात जरासा उचलला, पांघरुणावर बोटं हलली, मला वाटलं तिला पाणी हवंय. मी पाणी आणायला गेलो. आलो तेव्हा डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे गेली होती आणि बायकोनं डोळे मिटले होते. चार दिवसांनी ती गेली. तेव्हा खरं सांगितलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, हे मी नंतर एका ओळखीच्या डॉक्टरला आडून विचारलं, एका शेजाऱ्याचं म्हणून. तो म्हणाला, चार दिवसांत फारसं नाही, पण वर्षभर आधी कळलं असतं तर गोष्ट वेगळी. वर्षभर आधी माझ्याकडे निगेटिव्ह होतं.

गुरुवारी मी दुपारी एकला मागच्या खोलीत गेलो आणि दाराबाहेर लाल दिवा लावला. मालकाला सांगितलं होतं की मोठा छाप आहे, घरचा आहे. तो म्हणाला, लागेल तेवढा कागद घ्या. निगेटिव्हची पट्टी मी पुसली, दोनदा पुसली, एन्लार्जरमध्ये घातली, उजेड टाकला. आणि माझ्या हातानं आपोआप चौकट फिरवली. खरं सांगतो, मी ठरवून आलो होतो, तरी हात फिरला. पायऱ्या सरळ झाल्या आणि ती कडेबाहेर गेली. मी चौकट पुन्हा मागे आणली. आता पायऱ्या कलल्या आणि ती आत आली. फिकट ढीग. जाणून असतानाही तो मला आधी गाठोडंच दिसला, माणूस व्हायला त्याला क्षणभर लागला. त्या क्षणाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मी उजेड मोजून दिला, कागद ट्रेमध्ये सोडला, ट्रे हलवत राहिलो. आधी भिंत आली, मग पायऱ्या, मग तिचे केस, मग गुडघे. चेहरा सगळ्यात शेवटी आला. डोळे मिटलेले होते, तोंड जरा उघडं. सवयीनं मी म्हटलं, चेहऱ्यावर थोडा कमी उजेड द्यायला हवा होता, डोळ्यांखाली फार गडद आलंय. दुसरा कागद काढलाही. मग परत पुडक्यात ठेवला.

वकील तीन वाजायच्या आधीच आली. मी तिला आत घेतलं आणि मोठा दिवा लावला. छाप दोरीला लटकत होता. तिनं आधी फोटो बघितलाच नाही, चारही कडांवरून डोळे फिरवले, निगेटिव्हच्या कडेची काळी रेघ चारही बाजूंना आली आहे का, म्हणजे काही कापलेलं नाही ना, ते बघितलं. मग मागे सरून फोटो बघितला. मी विचारलं, तू तेव्हा हा का मागितला नाहीस परत छापून? ती म्हणाली, मागितला होता, बाईंनी परवानगी दिली नाही. म्हणाल्या, फोटो तुझा आहे पण मी त्यात आहे, आणि आत्ता नको. मी म्हटलं, मग तिला नकोच होता, झालं तर. मला तेवढीच एक वाट दिसत होती आणि मी ती धरून बघत होतो.

"नको नाही म्हणाल्या. आत्ता नको म्हणाल्या."

"का?"

ती म्हणाली, "तुम्ही छापता म्हणून."

बाहेर मशीन चालू होतं, त्याचा आवाज येत होता. मला तिच्यावर रागवावंसं वाटलं, पण कशावरून रागवायचं ते सापडेना. सगळी वस्ती, इस्त्रीवाला, सात कॅमेरे, पिशवीची पाळी, सगळ्यांना माहीत होतं आणि एका माणसापासून लपवायचं होतं. मी म्हटलं, तुम्ही कुणीतरी सांगायचं होतं मला. ती म्हणाली, आम्ही ठरवलं होतं, गटात मत घेतलं होतं. मी सांगा म्हणाले, पण बाकीचे नको म्हणाले, बाईंनी येणंच बंद केलं असतं तर काय. मग आवाज खाली करून म्हणाली, तुम्हाला फोटोत दिसेलच असं मला वाटलं होतं. म्हणून काढला होता मी तो. वाकडा नव्हता आला, त्यांना आत घ्यायला धरला होता तसा.

मी स्टुलावर बसलो. ती उभीच राहिली. दोरीवरून पाण्याचा एक थेंब फरशीवर पडला, मग बराच वेळ पडला नाही. मी म्हटलं, दे तो फॉर्म. नात्याची ओळ मी भरली. तिनं कागद उलटा केला आणि म्हणाली, सही मागच्या बाजूला आहे, पण त्याच्या आधी एक आहे. सही करणाऱ्यानं फोटोत काय दिसतं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं, आणि फोटो काढणाऱ्यानं ते लिहून घ्यायचं. मी म्हटलं, ते कशाला? ती म्हणाली, लोक न बघताच सही करतात म्हणून.

"काय दिसतं, काका?"

मी म्हटलं, पायऱ्या. तिनं लिहिलं. म्हटलं, भिंत, पोपडे निघालेली, डाव्या बाजूला नळाचा पाइप. तिनं तेही लिहिलं. मग एक बाई बसली आहे, मी म्हटलं. तिनं पेन उचललं, पण लिहिलं नाही. माझ्याकडे बघत राहिली, वकिली नजरेनं नाही, नुसतीच.

"माझी बायको बसली आहे," मी म्हटलं. "हात पायरीवर टेकलाय. डोळे मिटलेत. तिला दम लागलाय."

ती लिहीत होती तेवढा वेळ मी फोटोकडे बघितलं. मग तिनं विचारलं, अजून काही?

"मी तिथं नव्हतो."

पेन थांबलं. ती खाली कागदाकडे बघत होती. "ते फोटोत नाही, काका," ती म्हणाली. "फोटोत असेल तेवढंच लिहायचं."

"मग राहू दे," मी म्हटलं.

तिनं लिहिलेलं सगळं मला वाचून दाखवलं. पायऱ्या, भिंत, पाइप. माझी बायको बसली आहे, हात पायरीवर टेकलाय, डोळे मिटलेत, तिला दम लागलाय. वाचून झाल्यावर विचारलं, हे तुमचंच म्हणणं ना? मी म्हटलं, हो, माझंच. आणि सही केली.